लिलावातला फ्लॅट घ्यायचाय? मग एजंटला आधी सोसायटीच्या ऑफिसात न्या

कर्ज थकलं म्हणून बँकेने जप्त केलेले फ्लॅट ठाण्याच्या घोडबंदर, दिव्यापासून ते ऐरोली, घणसोली, उलव्यापर्यंत सतत निघत असतात, पेपरात ती बारीक टायपातली पानभर जाहिरात येते ना, तीच. मी आणि माझा मेव्हणा सहा महिने हाच उद्योग करत होतो, चार एजंट झाले, त्यातल्या तिघांचे नंबर आता ब्लॉक आहेत.

आधी हे कळू द्या की लिलावाला एजंट लागतोच असं नाही. सरकारी बँकांचे लिलाव बँकनेट पोर्टलवर असतात, तिथे रजिस्टर करून, केवायसी करून बोली आपली आपण लावता येते. एजंट लागतो तो खणून माहिती काढायला आणि चपला झिजवायला. त्यामुळे "साहेब, बँकेत आपली सेटिंग आहे, रिझर्व्ह प्राइसलाच काढून देतो" (म्हणजे लिलावाच्या किमान किमतीलाच) असं म्हणणारा पहिल्या चहालाच कटाप. आणि ईएमडी, म्हणजे बोलीआधी भरायची अनामत, माझ्या अकाउंटला टाका म्हणाला तर चहा पण अर्धा सोडून उठा, तो पैसा फक्त जाहिरातीत सांगितल्याप्रमाणेच भरायचा.

महारेरा म्हणजे बिल्डर-एजंटांची नोंद ठेवणारं सरकारी प्राधिकरण, त्याच्या साइटवर एजंटचा नोंदणी नंबर टाकून बघा. आता एजंटांना परीक्षा देऊन सर्टिफिकेट घ्यावं लागतं, पण ते असलं म्हणजे लिलावातलं कळतं असं नाही. म्हणून फोनवरच विचारायचं, पझेशन सिंबॉलिक की फिजिकल? सिंबॉलिक म्हणजे दारावर नोटीस चिकटवलीय आणि आत जुना मालक बायकापोरांसकट राहतोय. सरफेसी, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीचा कायदा, त्याच्या कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून ऑर्डर आणून बँकेने प्रत्यक्ष ताबा घ्यायचा असतो, त्यात महिनेच्या महिने जातात, मालक डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात गेला असेल तर विचारूच नका. एक जण आम्हाला म्हणाला, "अहो निघेल तो महिन्याभरात, मी बोलतो त्याच्याशी." हा तिघांतला पहिला. कामाचा माणूस डीआरटीत केस आहे का ते आधी बघून येतो आणि मगच तुम्हाला गाडीत बसवतो.

दुसरा प्रश्न पैशाचा. लिलाव जिंकलात की त्याच दिवशी किंवा फारतर पुढच्या कामाच्या दिवशी ईएमडी धरून 25 टक्के भरायचे आणि उरलेले 75 टक्के 15 दिवसांत, बँकेने लेखी मुदत वाढवली तर जास्तीत जास्त तीन महिने. चुकलात तर भरलेले पैसे जप्त. आता 15 दिवसांत होम लोन कुठली बँक देते, हे ज्याला पाठ आहे त्याने आधी असे सौदे केलेत असं समजा. तरी दोन जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर मागा आणि खरंच फोन लावा.

आमचा चौथा एजंट पन्नाशीचा, जुन्या ॲक्टिव्हावरचा. घणसोलीला फ्लॅट बघायला गेलो तर हा जिन्याकडे न जाता थेट सोसायटीच्या ऑफिसात शिरला. सेक्रेटरींना नमस्कार करून मेंटेनन्सचं रजिस्टर मागितलं आणि त्या फ्लॅटच्या ओळीवर बोट ठेवलं, व्याजासकट तीन लाखांवर थकबाकी. मग खाली मीटरच्या खोलीत जाऊन ग्राहक क्रमांकाचा फोटो काढला, महावितरणचं थकलेलं बिल तिथेच मोबाइलवर दाखवलं. म्हणाला, "जाहिरातीत जसं आहे तसं, जिथे आहे तिथे लिहिलंय ना साहेब, ते ह्याच्यासाठीच. बँक एक रुपया भरणार नाही, हे सगळं बोलीतून वजा करून बसा." प्रॉपर्टी टॅक्स आणि सिडकोचा ट्रान्सफर चार्ज त्यानेच कागदावर मांडून दिला, कारण नवी मुंबईत जमीन बहुतेक सिडकोच्या लीजवर.

गावठाणातली चार मजली बिल्डिंग स्वस्तात दाखवली तर ओसी, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला मागा. दिघ्यात हायकोर्टाच्या ऑर्डरने बिल्डिंगी पाडल्या ते 2015 चं प्रकरण आठवत असेलच, आणि बँकेने लोन दिलं होतं म्हणजे कागद क्लिअर, हे एजंटचं लाडकं वाक्य आहे, त्यावर जाऊ नका. सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजे तपासलेला अहवाल, आपल्या वकिलाकडून काढा, एजंटच्या "ओळखीच्या" वकिलाकडून नको.

ब्रोकरेज बँक देत नाही, तुम्हीच देणार, एक-दोन टक्के. आधीच लिहून घ्या, अर्धं बँकेकडून विक्रीचा दाखला, म्हणजे सेल सर्टिफिकेट, हातात आल्यावर आणि अर्धं चावी मिळाल्यावर.

लिलावाच्या दिवशी त्याला शेजारी बसवा पण माउस आपल्या हातात ठेवा, शेवटच्या मिनिटाला बोली पडली की वेळ वाढत जाते आणि डोकं फिरतं. आम्ही ठरवलेल्या आकड्याला थांबलो, समोरचा पन्नास हजाराने वर गेला. मेव्हणा म्हणाला अजून एक टाकू, तर ज्याचं ब्रोकरेज जात होतं त्या माणसानेच लॅपटॉप मिटला.