दहा गुंठ्यांत राज्यपुष्पांची वाटिका

शाळा-कॉलेजच्या किंवा नगरपालिकेच्या बागेत राज्यपुष्पं लावायची ठरली की हमखास कुणीतरी सुचवतं, जमिनीवर भारताचा नकाशा आखू आणि ज्या त्या राज्यात त्याचं त्याचं फूल लावू. कागदावर हे झकास दिसतं. जमिनीत मात्र राजस्थानचा रोहिडा आणि शेजारच्या हरियाणाचं कमळ एका ओळीत येतात. एकाची मुळं ओलीनं कुजतात, दुसरं पाण्याबाहेर जगत नाही. तेव्हा नकाशा फाटकाजवळच्या फलकावर काढा आणि लागवड पाण्याच्या गरजेप्रमाणे करा.

त्याआधी यादी पक्की करा. इंटरनेटवरच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, कारण राज्यं फूल बदलतात. बिहारचा कांचन जाऊन झेंडू आला, तरी जुन्या याद्यांत कांचनच आहे. त्या त्या राज्याच्या वनखात्याकडून खात्री करून घ्या. सगळी राज्यं पुरी करण्याचा हट्ट नको. उत्तराखंडचं ब्रह्मकमळ, नागालँडचा ऱ्होडोडेंड्रॉन, मणिपूरची शिरुई लिली ही थंड डोंगरातली झाडं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती टिकत नाहीत. त्यांचे फोटो लावा.

ब्रह्मकमळाबाबत जरा जास्तच सावध राहा. आपल्याकडे कुंडीत रात्री उमलतं ते मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं निवडुंग. उत्तराखंडचं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, साडेतीन हजार मीटरच्या वर वाढणारं. निवडुंगाच्या कुंडीवर ‘उत्तराखंड’ अशी पाटी लावणं ही अशा वाटिकांतली नेहमीची चूक.

दुसरी चूक अशोकाची. ओडिशाचं राज्यपुष्प सीताअशोकाचं. नर्सरीत नुसतं ‘अशोक’ मागितलंत तर कुंपणाला लावतात तो उंच, सरळसोट आसुपालव गाडीत चढतो. सीताअशोकाचं पान संयुक्त असतं, एका देठावर पर्णिकांच्या जोड्या. कोवळी पालवी तांबूस, मलूल झाल्यासारखी लोंबते. आसुपालवाचं पान एकेकटं, लांब, कडा नागमोडी. आपल्या महाराष्ट्राच्या ताम्हणाच्या जागी चिनी मेंदी गळ्यात पडते, तेही पानावरूनच कळतं: ताम्हणाचं पान वीतभर होतं, चिनी मेंदीचं दोन-तीन बोटांएवढं.

मोठी झाडं उत्तरेच्या बाजूला सहा-सहा मीटरवर लावा, म्हणजे कमळाच्या टबावर सावली येत नाही. ओलाव्याच्या भागात ताम्हण, सीताअशोक आणि त्रिपुराचा नागकेशर. सीताअशोकाला पहिली तीन-चार वर्षं दुपारच्या उन्हापासून आडोसा हवा. खड्डे दोन फूट लांब-रुंद-खोल, एप्रिल-मेमध्ये काढून उन्हात तापू द्या. भरताना वरच्या थरातली माती, १५ किलो कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. दोन चांगले पाऊस झाले की रोपं लावा. काळ्या जमिनीत रोप आजूबाजूपेक्षा वीतभर उंचवट्यावर बसवा. पुढचे दोन उन्हाळे आठवड्याला १५–२० लिटर पाणी. ताम्हणाचा फुलोरा फांद्यांच्या शेंड्यांवर येतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये छाटणी केलीत तर १ मेला दाखवायला फूल उरत नाही.

कोरड्या कोपऱ्यात तेलंगणाचा तरवड, झारखंडचा पळस आणि रोहिडा. रोहिड्यासाठी दोन फूट उंच वाफा, निम्मी वाळू-मुरूम. कोकणात त्याच्या वाटेला जाऊ नका. पळसाचं सोटमूळ खोल जातं, पिशवीत वाढलेलं मोठं रोप हलवलं की खुरटतं. उन्हाळ्यात गळलेल्या ताज्या शेंगांतलं बी पावसाच्या तोंडावर थेट जागेवरच पेरा, एका जागी तीन.

पुदुच्चेरीचा कैलासपती जागा असेल तरच, आणि पायवाटेपासून लांब. त्याची तोफगोळ्यासारखी फळं उंचावरून पडतात आणि फुटली की घाण वास सुटतो.

कमळासाठी अडीच फूट रुंद, दीड फूट खोल टब घ्या. तळाशी वीतभर गाळाची चिकण माती. कोकोपीट नको, ते तरंगून वर येतं. कंद आडवा ठेवून शेंडा मातीबाहेर ठेवा. सुरुवातीला दोन इंच पाणी, पानं वर आली की हळूहळू वीतभर. सहा तास ऊन मिळालं नाही तर नुसती पानंच होतात. डासांसाठी चार-पाच गप्पी मासे सोडा. बियांपासून करायचं तर काळं कवच जाड टोकाकडून पॉलिश पेपरवर घासा, आतला पांढरट गर जेमतेम दिसेपर्यंतच. मग पाण्यात ठेवून रोज पाणी बदला. न घासलेलं बी पाण्यात महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं.

आसामचं राज्यपुष्प आपल्या सह्याद्रीतही आहे, सीतेची वेणी. हे ऑर्किड जंगलातून ओरबाडू नका, नर्सरीतून घ्या. जूनच्या सुरुवातीला आंब्याच्या खरबरीत फांदीवर काथ्यानं बांधा. नायलॉन दोरी मुळांत रुतते. माती, कुंडी काही लागत नाही. एका पावसाळ्यात मुळं सालीला धरतात, काथ्या आपोआप कुजतो.

तमिळनाडूची कळलावी सगळीच्या सगळी विषारी, कंद तर फारच. हातमोजे घाला, वाफ्याला जाळी करा, पाटीवर ‘विषारी’ ठळक लिहा. कंद नांगराच्या फाळासारखा दुहेरी असतो आणि डोळा फक्त टोकाला. तो मोडला तर वेल येत नाही. जूनमध्ये तीन इंच खोल आडवा लावा, पानांच्या टोकांचे ताणे पकडतील अशी काटकी जवळ रोवा. पावसाळ्यानंतर वेल वाळली की पाणी बंद करा आणि तिथे खूण ठेवा. नाहीतर माळी रिकामा वाफा समजून खणतो आणि डोळे जातात.

पाट्या अॅल्युमिनियमच्या, १५ बाय २० सेंटिमीटर, जमिनीत रोवलेल्या गजावर. झाडाला खिळा नको. मराठी नाव, त्या राज्यातलं नाव, शास्त्रीय नाव, राज्य आणि आपल्या गावात फुलायचा महिना एवढं पुरे. लॅमिनेट केलेला कागद एका पावसात फुगतो.

पश्चिम बंगालचा पारिजातक फाटकाच्या आतच, निचऱ्याच्या जागी लावा. त्याची फुलं पहाटे गळतात आणि दुपारपर्यंत मलूल होतात, त्यामुळे अकराला येणाऱ्याला झाडावर काहीच दिसत नाही. शरदात सफाईवाल्यांना सांगून ठेवा: मुलं पाहून जाईपर्यंत तिथे झाडू मारायचा नाही.