टिपवरून गाडी भरलेलीच परत आणायची नसेल, तर या चुका टाळा

जुना सोफा, फुटक्या फरश्या, बंद पडलेला मिक्सर. इंग्लंडमध्ये दारच्या डब्यात न जाणारा असा कचरा कौन्सिलच्या रिसायकलिंग सेंटरवर, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या टिपवर, स्वतः नेऊन टाकायचा असतो. रहिवाशांना अशी जागा फुकट उपलब्ध करून देणं १९९०च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने कौन्सिलवर बंधनकारक आहे. तरीही शनिवार-रविवारी गेटवरून गाड्या परत जातात, आणि चूक बहुतेक वेळा घरीच झालेली असते. खालचे नियम इंग्लंडपुरते आहेत. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये ते वेगळे आहेत.

कचरा कसला, याआधी तो कोणाचा

गेटवरचा माणूस सगळ्यात आधी हेच बघतो. ही जागा घरगुती कचऱ्यासाठी आहे. भाड्याने दिलेलं घर रिकामं झालं आणि भाडेकरूने मागे ठेवलेली गादी घरमालक म्हणून तुम्ही घेऊन गेलात, तर तो धंद्याचा कचरा ठरतो. घरच्या स्वयंपाकघरातून टिफिन सर्व्हिस चालवत असाल, तर त्यातलं वापरलेलं तेल, डबे आणि खोकीही धंद्याचीच. बिल्डरने तुमचं बाथरूम फोडलं असेल, तर त्या फरश्यांची विल्हेवाट लावणं त्याचं काम. ते त्याच्या कोटेशनमध्ये आहे का, हे काम सुरू होण्याआधीच विचारा. ‘तुम्हीच टिपवर टाका, पैसे वाचतील’ असं म्हणणारा बिल्डर त्याचा खर्च तुमच्या गळ्यात घालत असतो.

रहिवासाचा पुरावा सोबत ठेवा. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा कौन्सिल टॅक्सचं बिल चालतं. अनेक कौन्सिलांमध्ये वेळ आधी बुक करावी लागते आणि बुकिंग गाडीच्या नंबरवर असतं. स्वतःच्या गाडीवर बुकिंग करून मित्राची मोठी गाडी नेली, तर ते ग्राह्य धरत नाहीत. व्हॅन किंवा ट्रेलरला बहुतेक ठिकाणी वेगळं परमिट लागतं. गेटवरच्या कमानीची उंचीही आधी तपासा, कारण रूफ-बॉक्स लावलेली साधी गाडीसुद्धा तिथे अडकू शकते.

तोडफोडीचा माल: मोजमाप आधी, फावडं नंतर

घरच्या माणसांनी स्वतः केलेल्या दुरुस्तीच्या मालावर ३१ डिसेंबर २०२३पासून कौन्सिलला पैसे घेता येत नाहीत. मात्र त्याला मर्यादा आहे. एका खेपेला प्रत्येकी ५० लिटरच्या दोन पिशव्यांत मावेल एवढा माल, किंवा २००० × ७५० × ७०० मिलिमीटरपेक्षा मोठी नसलेली एकच वस्तू. आणि चार आठवड्यांत एका घराच्या जास्तीत जास्त चार खेपा. साधारण १७०० × ७०० मिलिमीटरचा बाथटब यात बसतो. गंमत म्हणजे घरातला नेहमीचा ७६२ मिलिमीटर रुंद दरवाजा बारा मिलिमीटरने बाहेर जातो. त्यावर कोणी मोजायची टेप लावेलच असं नाही, पण मोठी वस्तू न्यायची असेल तर कौन्सिलला आधी विचारलेलं बरं. मर्यादेपलीकडच्या मालासाठी पैसे पडतात किंवा तो घेतच नाहीत.

५० लिटरची पिशवी विटा-काँक्रीटने काठोकाठ भरली, तर वजन साठ किलोंच्या पुढे जातं. बऱ्याच ठिकाणी स्किपपर्यंत, म्हणजे कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीपर्यंत, पायऱ्या चढाव्या लागतात आणि कर्मचारी इतकं जड काही उचलून देत नाहीत. घरूनच दोघं जा.

प्लास्टरबोर्ड, म्हणजे भिंती-छताला लावायचे जिप्समचे तक्ते, विटांच्या पिशवीत कधीही घालू नका. त्यातला जिप्सम कुजणाऱ्या कचऱ्यासोबत गाडला गेला, की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. म्हणून त्याचा स्किप वेगळा असतो. गॅरेजचं जुनं पन्हाळी छप्पर ॲस्बेस्टॉसचं असण्याची शक्यता असेल, तर ते फोडू नका, करवतीने कापू नका आणि न विचारता गाडीत घालू नका. ते घेणाऱ्या जागा मोजक्या असतात, आणि तिथेही ते कसं गुंडाळायचं याचे नियम असतात.

सोफा फाडून पिशव्यांत भरणं

ही चूक हुशार लोक करतात. सोफा गाडीत मावत नाही, म्हणून कापड आणि फोम काढून काळ्या पिशव्यांत भरायचा आणि लाकूड वेगळं न्यायचं. जुन्या सोफ्यांच्या कापडात आणि फोममध्ये आग रोखण्यासाठी ब्रोमीनयुक्त रसायनं घातलेली असतात, आणि ती निसर्गात सहज नष्ट होत नाहीत. म्हणून २०२३च्या सुरुवातीपासून गादीचं बसायचं फर्निचर इतर कचऱ्यापासून वेगळं ठेवून जाळावंच लागतं. पिशव्यांत भरलेलं कापड आणि फोम मात्र इतर कचऱ्यात मिसळतं. सोफा, आरामखुर्ची, ऑफिसची गादीवाली खुर्ची, बीनबॅग, सोफ्याच्या उशा हे सगळं यात आलं. झोपायची गादी यात येत नाही. तिचा ढीग निराळा. सोफा धड असेल, तर टिपवर नेण्याआधी धर्मादाय दुकानाला विचारा. मात्र आगप्रतिबंधक लेबल कापून टाकलेलं असेल, तर ते सोफा घेत नाहीत.

बॅटरी, तेल, रंग

सगळ्यात धोकादायक चूक आकाराने सगळ्यात लहान असते. लिथियम बॅटरी किंवा वेप (ई-सिगारेट) साध्या कचऱ्यात गेला, की तो दाबयंत्रात चेपला जातो, आतले थर एकमेकांना टेकतात आणि आग लागते. सुट्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा. फुगलेली लॅपटॉप-बॅटरी भोसकू नका, दाबू नका. थेट कर्मचाऱ्याच्या हातात द्या. वेप छोट्या विजेच्या उपकरणांत जातो. नुसत्या बॅटऱ्यांसाठी टिपवर जायचीही गरज नाही, कारण वर्षाला ३२ किलोंपेक्षा जास्त बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानाला जुन्या बॅटऱ्या परत घ्याव्याच लागतात.

मिक्सरचं मोटरचं खोड छोट्या उपकरणांत, स्टीलची भांडी धातूत. प्रेशर कुकरही धातूतच, पण झाकणाचं रबर काढून.

दिवाळीच्या फराळाचं उरलेलं तेल सिंकमध्ये नाही, तर घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून न्या. टिपवर खाण्याच्या तेलाची आणि इंजिन ऑइलची टाकी वेगळी असते. एका बाटलीभर इंजिन ऑइलने खाण्याच्या तेलाची अख्खी टाकी बिघडते, म्हणून ओतण्याआधी पाटी वाचा.

ओला रंग बहुतेक ठिकाणी नाकारतात. पाण्यातला रंग थोडाच उरला असेल, तर त्यात लाकडाचा भुसा, वाळू किंवा मांजराच्या पेटीतली माती मिसळा आणि झाकण उघडं ठेवून पूर्ण घट्ट होऊ द्या. स्पिरिटवाल्या रंगांना आणि थिनरला हा उपाय चालत नाही. ते घातक कचऱ्यात जातात.

काळी पिशवी

न निवडलेल्या काळ्या पिशव्या अनेक टिपांवर उघडायला लावतात, आणि भर रांगेत हे करणं फार लाजिरवाणं होतं. घरीच निवडा. शेवटी टाकायचं ते गाडीत आधी भरा आणि आधी टाकायचं ते दाराशी ठेवा. झाडांच्या फांद्यांत माती, कुंड्या किंवा हारांचे दोरे राहू देऊ नका. कुंपणाचं रंगवलेलं लाकूड लाकडात जातं, बागेच्या कचऱ्यात नाही. स्किपमधली चांगली दिसणारी खुर्ची उचलून आणायची नाही, ती आता कौन्सिलची मालमत्ता असते.

स्वस्तातल्या व्हॅनवाल्याला देणं

हे सगळं टाळायला फेसबुकवरचा ‘तीस पौंडांत सगळं नेतो’ वाला बोलावला आणि त्याने तो माल रस्त्याकडेला फेकला, तर शोध तुमच्यापर्यंत येतो. परवाना नसलेल्याला कचरा दिल्याबद्दल घरमालक असो वा भाडेकरू, कौन्सिल ६०० पौंडांपर्यंत दंड लावू शकतं. आधी त्याचा वेस्ट कॅरियर (कचरा वाहून नेणारा) म्हणून असलेला नोंदणी क्रमांक मागा आणि एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी पर्यावरण संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत तो ऑनलाइन शोधून बघा. माल कुठे नेणार ते विचारा, पावती घ्या आणि व्हॅनचा नंबर टिपून ठेवा.