शरीरात बसवलेले इम्प्लांट सदोष निघाले तर : ठाणे-नवी मुंबईतील रुग्णांनी काय करावे

गुडघ्याची वाटी बदलून दोन वर्षे झाली तरी जिना चढताना कळ येते, खुब्याच्या नव्या सांध्यातून आवाज येऊ लागतो किंवा पेसमेकर मुदतीच्या बराच आधी बंद पडतो, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघतो तो कोणता वकील गाठायचा हा. माझ्या मते तो तिसरा किंवा चौथा प्रश्न आहे. आपल्या शरीरात नेमके काय बसवले आहे हे सांगणारा कागद आपल्या हाती आहे का, हे आधी पाहावे.

इम्प्लांटच्या खोक्यात छोटी स्टिकर असतात. त्यांवर उत्पादकाचे नाव, मॉडेल, माप आणि लॉट क्रमांक (एकत्र बनवलेल्या मालाच्या गटाचा क्रमांक) छापलेला असतो आणि त्यांतले एक शस्त्रक्रियेच्या नोंदींत चिकटवले जाते. डिस्चार्ज कार्डावर हा तपशील बहुधा नसतो. माझ्या मावशीच्या बिलावर ‘इम्प्लांट, १ नग’ एवढेच लिहिले होते. स्टिकर सापडले ते केस पेपरच्या मागच्या बाजूला, आडवे चिकटवलेले, आणि लॉट क्रमांकाचा शेवटचा आकडा नेमका फाइलच्या पंचच्या भोकात गेलेला. म्हणून केवळ डिस्चार्ज कार्डावर समाधान न मानता संपूर्ण केस पेपरची प्रत लेखी अर्ज करून मागावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार अशी प्रत ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. मात्र त्याच नियमांत आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षेच जपून ठेवण्याचे बंधन आहे आणि इम्प्लांटचा दोष कित्येकदा त्यानंतरच उघड होतो. ज्यांना आज काहीही त्रास नाही, त्यांनीही ही प्रत आजच घेऊन ठेवलेली बरी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. इम्प्लांट बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली, तर काढलेला भाग मला हवा आहे असे पत्र रुग्णालयाला आधीच द्यावे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे काढलेले धातूचे इम्प्लांट निळ्या खुणेच्या डब्यात जाते आणि तेथून पुढे भंगारात, म्हणजे खटल्यातील मुख्य पुरावा रुग्ण शुद्धीवर येण्याआधीच हातातून जातो. कंपनीचा प्रतिनिधी ‘तपासणीसाठी’ तो भाग मागू लागला, तर नम्रपणे नकार द्यावा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ नुसार ग्राहक आयोग स्वतः वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, तेव्हा ती आपल्या ताब्यात असायला हवी.

आता तक्रारीकडे वळू. भारतात २०१५ पासून वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालतो. तो सांभाळणाऱ्या गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगाकडे रुग्ण स्वतः १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कळवू शकतो. त्याचबरोबर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडेही लेखी तक्रार द्यावी, कारण १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याने ‘औषध’ या व्याख्येत आली आहेत. या दोन्ही ठिकाणी भरपाई मिळत नाही. परंतु तारीखवार सरकारी नोंद तयार होते आणि ती पुढे उपयोगी पडते.

भरपाईचा नेहमीचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील कलम ८४ प्रमाणे निर्मितीतील दोष, रचनेतील दोष किंवा अपुरी सूचना यांसाठी उत्पादक जबाबदार ठरतो. इम्प्लांट रुग्णालयानेच पुरवून बिलात लावले असेल, तर कंपनी व आयातदार यांच्यासोबत रुग्णालयालाही सामनेवाला (तक्रारीतील विरुद्ध पक्ष) करावे, अन्यथा प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कंपनीचा ठरलेला बचाव असा असतो की आम्ही सर्जनला सर्व सूचना दिल्या होत्या. कलम ८७ मध्ये त्याला आधार आहे. परंतु तो केवळ अपुऱ्या सूचनेच्या आरोपापुरता आहे. म्हणून तक्रारीत रचनेचा किंवा निर्मितीचा दोष स्वतंत्रपणे मांडावा. जंतुसंसर्ग झाला किंवा सांधा सैल झाला म्हणजे इम्प्लांट सदोषच होते असे नव्हे, त्यामुळे त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या अस्थिरोगतज्ज्ञाचे लेखी मत जोडणे आवश्यक आहे.

आयोगाची पायरी नुकसानीच्या आकड्यावर नव्हे, तर मोजलेल्या पैशांवर ठरते. ५० लाखांपर्यंत मोजले असतील तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत शुल्कही नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. येथे नवी मुंबईकरांची गफलत होते : वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहेत, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात.

मुदत दोन वर्षांची आहे. दोष उशिरा कळला तर ती कळल्यापासून मोजावी असा युक्तिवाद करता येतो. मात्र दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढणाऱ्याला तो तारत नाही. शस्त्रक्रियेत पोटात राहिलेले गॉझ नऊ वर्षांनी सापडले, तरी इतकी वर्षे वेदना असूनही त्या डॉक्टरांकडे न गेल्याने तक्रार मुदतबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका प्रकरणात ठरवले. उशीर झालाच असेल तर तक्रारीसोबत विलंब माफीचा सकारण अर्ज द्यावा.

सर्वांना मोफत सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयातील रुग्ण ग्राहक ठरत नाही. त्याला दिवाणी न्यायालयात जावे लागते. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

भरपाईच्या बाबतीत खुब्याच्या ‘एएसआर’ नावाच्या कृत्रिम सांध्याचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीने तो ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत घेतला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. केंद्र सरकारने २०१८ मध्ये वय आणि अपंगत्व पाहून सुमारे ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाईचे सूत्र ठरवले, पण तोपर्यंत आठ वर्षे उलटली होती आणि अनेक रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता.