एकादशीचे ताट आणि पोटाचा घेर

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. पण आठवड्याचा एक वार, संकष्टी आणि नवरात्र एवढ्यांचीच बेरीज केली, तरी वर्षाचे सत्तरहून अधिक दिवस उपवासाच्या पदार्थांवर जातात, आणि वजनाचा हिशेब मांडताना नेमके हेच दिवस वगळले जातात. उपवास सोडण्याची गरज नाही. ताट मात्र बदलायला हवे.

प्रथम नेहमीची बशी तपासावी. ७५ ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचे कूट, अर्धा बटाटा आणि दोन चहाचे चमचे तूप एवढ्या खिचडीत सुमारे ५५० कॅलरी भरतात. यात दोष देण्यासारखे कूट नाही, कारण बशीतली बहुतेक प्रथिने त्यातूनच मिळतात. साबुदाणा मात्र कंदापासून काढलेला जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो, त्यामुळे रक्तातील साखर लवकर चढते, दुपारी पुन्हा भूक लागते आणि मग बटाट्याच्या वेफर्सचा डबा उघडला जातो.

म्हणून खिचडी करायचीच असेल, तर साबुदाणा निम्मा घेऊन त्या जागी किसलेली काकडी किंवा लाल भोपळा घालावा आणि सोबत वाटीभर दही घ्यावे. त्याहून चांगला पर्याय म्हणजे राजगिऱ्याच्या पिठाचे थालीपीठ: पीठ काकडीच्या किसातच भिजवावे, तव्यावर चमचाभर तूप सोडून झाकण ठेवावे, आणि कडा सुटू लागल्या की उलटावे. भगर आणि दाण्याची आमटी हेही पोटभरीचे जेवण आहे. भगर मात्र पाकीटबंद आणावी, निवडून धुवावी आणि तिचे पीठ फार दिवस साठवू नये, कारण बुरशी लागलेल्या भगरीतून विषबाधा होते. वडे तळायचे ते सणापुरते. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी.

‘मी तर सडपातळ आहे’ हा युक्तिवाद आपल्याकडे फारसा टिकत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. त्यामुळे वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेपही घरात असू द्यावा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता माप घ्यावे. पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही भारतीयांकरिता धोक्याची पातळी मानली जाते. एकादशी पंधरवड्याला न चुकता येते, म्हणून हे माप त्याच सकाळी, चहापूर्वी घेऊन कालनिर्णयच्या त्या चौकोनात लिहून ठेवावे.