७.४ चे २.३ होतात की २.७? जर्मनीत नव्याने आलेल्या पोरांसाठी

पहिल्या सेमिस्टरचा निकाल घरी सांगताना जरा सांभाळून. ‘१.७ मिळाले’ म्हटलं की दारव्ह्याहून फोनवर प्रश्न येतो, ‘काहून रे, नापास झाला का?’ इथलं गणित उलटं आहे. १.० सगळ्यात वर, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० नापास. १.७ वर घरी पेढे वाटायला हरकत नाही.

आता तुमची आपल्याकडची मार्कशीट. मास्टर्सला अर्ज करताना आपले गुण इथल्या ग्रेडमध्ये बदलायला इथली बरीच विद्यापीठं सुधारित बव्हेरियन सूत्र लावतात. जास्तीत जास्त गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, उत्तराला जास्तीत जास्त आणि पासापुरत्या गुणांतल्या फरकाने भागायचं, ३ ने गुणायचं आणि १ मिळवायचा. समजा सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची मिळून दहापैकी सरासरी) ७.४ आहे आणि पास ४ ला. १० वजा ७.४ म्हणजे २.६; भागिले ६, गुणिले ३, अधिक १. आले २.३.

पोरं फसतात ती इथेच. टक्के मोठे दिसतात म्हणून सीजीपीएचे टक्के करून पाठवतात. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) पद्धतीने ७.४ मधून ०.७५ वजा करून १० ने गुणलं की ६६.५ टक्के होतात. पास ४० ला धरून तेच सूत्र लावा, २.७ च्या आसपास येतं. मार्कशीट एकच, पण कोर्सची अट २.५ ची असेल तर एका आकड्यावर आत आणि दुसऱ्यावर बाहेर! म्हणून मार्कशीटवर जे छापलंय तेच भरा, बदल त्यांना करू द्या. ९.५ ने गुणायचं तर नावच काढू नका. ते सीबीएसईच्या दहावीचं होतं, डिग्रीशी त्याचा संबंध नाही.

पासची मर्यादा कागदावर दिसली पाहिजे. मार्कशीटच्या मागे ग्रेडचा तक्ता असेल तर ती बाजूही स्कॅन करा. नसेल तर अमरावती, नागपूर, गडचिरोली, जे तुमचं विद्यापीठ असेल तिथून ट्रान्सक्रिप्टसोबत (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा अधिकृत उतारा) तसं पत्र मागा. निघण्याआधीच हे उरकलेलं बरं. मागे राहिलंच, तर भावाला अधिकारपत्र देऊन पाठवावं लागतं, आणि धारणीहून अमरावती म्हणजे त्याचा अख्खा दिवस एसटीत. एका फेरीत काम होईल याची हमी कोणी देत नाही, म्हणून दोन-चार जादा प्रती घ्यायला सांगा.

आणि एटीकेटीची, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जायची, सवय तिकडेच सोडून या. इथे बहुतेक कोर्सना एका पेपरला मोजून दोन-तीन संधी मिळतात. अनिवार्य विषयात शेवटची संधीही गेली तर तो कोर्सच हातचा जातो. पास झालेला पेपर गुण वाढवायला पुन्हा देणंही बऱ्याच ठिकाणी चालत नाही. परीक्षेला नाव नोंदवून न कळवता घरी बसलात, तरी सहसा ५.० च लागतो. तयारी नसेल तर मुदतीच्या आत नाव मागे घ्या. आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्या आणि परीक्षा विभागात लगेच पोचवा.