जास्वंदीवरचा पांढरा किडा चिरडण्याआधी

पुण्यातल्या गच्चीत जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागला की हात आधी फवाऱ्याकडे जातो. जरा थांबा. काडीने हलकेच डिवचून बघा. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही. लांब मेणचट झालरीचा किडा तुरुतुरु चालू लागला, तर ती क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी. पिठ्या ढेकूण खाऊनच ती वाढते, आणि दिसायला त्याच्यासारखी म्हणून हकनाक मारली जाते.

मावा या रसशोषक किडीजवळ दिसणारी करडी-काळी, नारिंगी ठिपक्यांची, इवल्या मगरीसारखी अळीही ढालकिड्याचीच. केसाएवढ्या देठांवर उभी असलेली अंडी क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकीटकाची. पुसू नका.

मुंग्यांचा बंदोबस्त मात्र आधी करा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या मित्रकीटकांना हुसकावून लावतात. पाण्याच्या ताटलीत वीट, विटेवर कुंडी; फांदी भिंतीला टेकली तर सगळं फुकट. पाणी दर तीन दिवसांनी बदला, नाहीतर डास होतात.

मित्रकीटक यावेत म्हणून नोव्हेंबरात धणे, बडीशेप पेरा आणि थोडी कोथिंबीर न खुडता फुलू द्या. फवारायचंच झालं तर संध्याकाळी, लिटरभर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि थोडा पातळ साबण, तेही फक्त लागण झालेल्या फांदीवर.