मॉस्फेटचे रेझिस्टर निवडताना या चुका टाळा

लोड जेमतेम दोन अँपिअरचा, पण मॉस्फेट (गेटवरच्या व्होल्टेजने करंट चालू-बंद करणारा स्विच) हात लावू देत नाही इतका तापलेला. अशा वेळी मी आधी गेटचा रेझिस्टर बघतो. बऱ्याचदा तिथे १० किलोओहम बसलेला सापडतो. साध्या (बायपोलर) ट्रान्झिस्टरच्या बेसला किलोओहममधला रोध लावायची सवय इथे नडते. बेसला सतत करंट लागतो. गेट कपॅसिटरसारखं असतं, भरताना आणि रिकामं होतानाच काय तो करंट.

हिशेब करूनच बघा. आयआरएलझेड४४एन हा मॉस्फेट घेतला आणि कंट्रोलरचा पिन ५ व्होल्टचा. गेट ३ व्होल्टच्या आसपास थबकतं आणि तिथे मिलर चार्ज (गेट आणि ड्रेनमधल्या कपॅसिटन्सचा) भरावा लागतो, जास्तीत जास्त २५ नॅनोकूलंब. उरलेले २ व्होल्ट १० किलोओहममधून ०.२ मिलिअँपिअरच देतात, म्हणजे १२५ मायक्रोसेकंद गेले. पीडब्ल्यूएम (वेगाने चालू-बंद करून लोडची ताकद कमी-जास्त करणं) २० किलोहर्ट्झचा असेल तर अख्खी सायकलच ५० मायक्रोसेकंदांची! मॉस्फेट बिचारा अर्धवट उघडा राहून भाजतो. १५० ओहम लावा, तेच काम दोन मायक्रोसेकंदांच्या आत उरकतं. मात्र रेझिस्टर काढूनच टाकू नका, पिनवर करंटचा झटका बसतो आणि गेटवर रिंगिंग (व्होल्टेजचं थरथरणं) सुरू होतं.

पुल-डाउनला (गेट ग्राउंडला ओढून धरणाऱ्या रेझिस्टरला) १० किलोओहम ठीक. तो नसेल तर कंट्रोलर रीसेट होताना गेट अधांतरी राहतं आणि मोटर आपोआप फिरते. पण सिरीजलाही (पिन आणि गेटच्या मधे) १० किलोओहम आणि पुल-डाउन गेटच्या बाजूला, असं केलंत तर ५ चे अडीच व्होल्ट होतात. पुल-डाउन पिनच्या बाजूला जोडा.

३.३ व्होल्टवर आयआरएफझेड४४एन चालवायचा असेल तर रेझिस्टर बदलत बसू नका. डेटाशीटमधला २ ते ४ व्होल्टचा थ्रेशोल्ड (मॉस्फेट उघडायला लागतो ते व्होल्टेज) २५० मायक्रोअँपिअरपुरता असतो. लॉजिक-लेव्हल मॉस्फेटच (कमी गेट व्होल्टेजवर नीट उघडणारा) घ्या.

पी-चॅनेल मॉस्फेट (सोर्स सप्लायला, गेट खाली ओढलं की चालू होणारा) २४ व्होल्टवर वापरताना गेट थेट ग्राउंडला ओढलं तर सहसा असणारी २० व्होल्टची गेट-सोर्स मर्यादा मोडते. सोर्स ते गेट १० किलोओहम, गेट ते खालचा ट्रान्झिस्टर १० किलोओहम, म्हणजे गेटला १२ व्होल्ट मिळतात. जलद पीडब्ल्यूएमला हे किलोओहमही जड जातात, तिथे ड्रायव्हर आयसी (गेट झपाट्याने भरणारी-रिकामी करणारी चिप) लागते.

आणि निदान असं करा: पीडब्ल्यूएम १०० टक्के ठेवून गेट-सोर्स व्होल्टेज मोजा. ते कमी भरलं तर रेझिस्टरांमधली व्होल्टेजची वाटणी चुकलीय. व्होल्टेज पूर्ण, मॉस्फेट थंड, पण ५० टक्क्यांवर तापतो? मग गेटचा रेझिस्टर मोठा आहे.